वेदीपुढचा ओला कापूस

राळेगाव,
९ ऑक्टोबर २००६

प्रिय कोकिळामावशी,

शांतवनचा प्रभूमध्ये सलाम. तुझ्या कानाचं मशीन पुन्हा बिघडलं आणि फोनवर तुला काहीच ऐकू येत नाही, असं आईने कळवलं, म्हणून पत्र लिहितो आहे. तसंही फोनवर तू एकटीच बोलतेस.

बातमी अशी की मला सेमिनरीत जायचं आहे. पाळक व्हायचं आहे. हसू नकोस. शाळेत मुलांना व्याकरण शिकवून माझ्या आत्म्याला गंज चढला आहे. मंडळीची सेवा करावी अशी हाक मला लहानपणापासून आहे, फक्त आईला वाटत होतं की ती हाक बँकेतून येईल.

प्रवेशासाठी मंडळीचं शिफारसपत्र लागतं आणि ते देतात आमचे मुख्य पंच बबनराव. नदीकाठी त्यांची कापसाची शेती आहे आणि चर्चमध्ये पहिला बाक. त्या बाकावर दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. त्यांनी अट घातली आहे. आमची तरुण मुलं वाया चालली आहेत म्हणे. त्यांना मी दर रविवारी शिकवायचं, उपासना म्हणजे काय ते डोक्यात घालायचं, आणि नोव्हेंबरात कापणीच्या सणाला ती मुलं शिस्तीत उभी राहिली की पत्रावर सही.

पहिला वर्ग झाला. मी विचारलं, उपासना म्हणजे काय? देवीलाल नावाचा मुलगा म्हणाला, पाळकसाहेबांचं प्रवचन संपेपर्यंत झोप न येऊ देणं. जया म्हणाली, नवीन ड्रेस घालायला मिळतो ती. बबनरावांची मुलगी सुरभी खिडकीबाहेर बघत होती. मी मग मूळ शब्द, त्याची व्युत्पत्ती, यज्ञ आणि समर्पण यातला भेद असं सविस्तर सांगितलं. मागच्या बाकावर शेंगदाणे फुटू लागले. समारोपाच्या प्रार्थनेत दोघं झोपले आणि आमेनला बरोबर जागे झाले.

तू इतकी वर्षं नर्सिंगच्या पोरींना ताळ्यावर आणलंस. मी काय करू?

तुझा,
शांतवन

—

पुसद,
१४ ऑक्टोबर २००६

शांतवन बेटा,

सलाम. तुझं पत्र वाचलं. पाळक होतो म्हनतं? हो बापा. आपल्या खानदानात आजपर्यंत सगळे चर्चमधी उशिरा जाणारे निंघाले, एक तरी आधी जाऊन दार उघडणारा निंघू दे.

आता ऐक. व्युत्पत्ती कायले सांगतं त्या पोट्ट्याईले? माय वो! पंधरा-सोळा वर्साचं पोरगं, त्याच्या पोटात कावळे ओरडून राह्यले, अन् तू त्याले शब्दाचं मूळ दाखवतं. शेंगदाने फुटले हे बरंच झालं, म्या असती तं बाक फुटला असता.

वार्डातली गोष्ट सांगतो तुले. सकाळी आमची प्रार्थना व्हायची. एक पोरगी असं गाणं म्हणे की डॉक्टर सुदा दारात थांबे. पहिल्या खाटेवरची म्हातारी तिकडून बेडपॅन, बेडपॅन करून बोंबलून राह्यली, अन् आमची गाणारी पोरगी डोळे मिटून तिसऱ्या कडव्यात. म्या तिचा कान धरला. म्हटलं, बाई, देवाले गाणं आवडते, पण म्हातारीले बेडपॅन पाहिजे. अन् म्हातारीले कोनं पाठवलं? मंग ती रडली, अन् बेडपॅन घेऊन गेली, अन् जाताना गुणगुणत गेली. त्या दिवशी मले तिचं गाणं पहिल्यांदा आवडलं.

देव काय रविवारची ओपीडी आहे, दहा ते बारा? बाकीच्या दिवशी तो कोठी असते? हे सांग त्याईले. अन् चर्चमधी बसून सांगू नको. कापसाचे दिवस आहे, सगळे पोट्टे वावरात असतीन. तू बी जा. कंबरेले फडकं बांध अन् वेच. तुह्या हाताले बोंड टोचलं की तुही भाषा आपोआप सुधरन.

अन् प्रत्येकाले एकच काम दे. हप्त्यातलं कोनतं बी एक काम, देवाच्या हातात द्यायचं हाये असं समजून करायचं. मोठं नाई. रविवारी येऊन सांगायचं.

जेवत जा. तुही माय म्हनते तू बारीक झाला.

मावशी

—

राळेगाव,
३० ऑक्टोबर २००६

प्रिय मावशी,

हे पत्र अंगठा आणि करंगळीत पेन धरून लिहितो आहे, कारण मधली बोटं कामातून गेली आहेत. तुझ्या सल्ल्याप्रमाणे मी वेचायला गेलो. जयाची आई रामीबाई यांनी मक्त्याने घेतलेलं वावर आहे. मी दुपारपर्यंत जेवढा कापूस वेचला त्यात कापसापेक्षा काडीकचरा जास्त होता. रामीबाईंनी तो सगळा पुन्हा निवडला आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही आपले प्रार्थनाच करा." मुलं इतकी हसली की मला वाटलं आता कुणी माझं ऐकणार नाही. झालं उलटंच. बांधावर भाकरी खाताना मी तुझी बेडपॅनची गोष्ट सांगितली आणि एकाही पोराने शेंगदाणा फोडला नाही. आता तुझी पत्रं मी वर्गात थोडी थोडी वाचून दाखवतो. तू इथे प्रसिद्ध आहेस.

गेल्या रविवारी मुलांनी आपापलं काम सांगितलं. देवीलालने शेळी शिवी न देता दुहली. शेळीला इतकं नवल वाटलं की तिने दूध चोरलं. जयाने भावाच्या वाटणीचा पापड खाल्ला नाही, अर्धाच खाल्ला. मी म्हटलं, अर्धाही देवाला चालतो. सध्या टीव्हीवाले गाडी घेऊन गावोगाव फिरतात, कुणाच्या घरी कर्जापायी कोणी जीव दिला विचारत. देवीलालने त्यांना सांगितलं, आमच्या घरी सगळे जिवंत आहेत, फोटो काढता काय? मी रागावलो, पण मग कुणीच हसलं नाही, कारण त्याच्या शेजारच्या घरी गेल्या महिन्यातच घडलं आहे.

आणि एक झालं. एका मुलीने विचारलं, "सर, कापूस विकायला न्यायच्या आदल्या दिवशी आमच्या घरी त्याच्यावर पाणी मारतात, वजन भरावं म्हणून. पाणी मारायचं काम माझं आहे. तेही देवाच्या हातात देऊ काय?"

सगळा वर्ग हसला. इथे घरोघर तेच चालतं. व्यापारी कोरड्या कापसालाही ओला म्हणून वजन कापतो, मग माणसं म्हणतात, कापणारच आहे तर ओला करूनच नेऊ. यंदा भावही असा आहे की कुणाला बोल लावायची माझी हिंमत नाही. मी म्हटलं, प्रश्न चांगला आहे, पुढच्या वेळी बोलू. आणि प्रार्थना करून वर्ग सोडला.

सण तीन आठवड्यांवर आला. बबनराव माझ्यावर खूश आहेत.

तुझा,
शांतवन

—

पुसद,
६ नोव्हेंबर २००६

शांतवन,

देवीलालले सांग, मावशीनं शेळीले सलाम सांगतला.

आता त्या पोरीचं. कोन्या गरिबाच्या घरची असन बिचारी. व्यापारी काट्यात मारते, हे पान्यात मारते, अन् मधात ती पोरगी बादली घेऊन उभी. म्या त्याईच्याकडे बोट नाई दाखवत. पन तुह्याकडे दाखवतो. चांगला प्रश्न आहे म्हनून प्रार्थना करून पळाला? घंटा वाजली की सुटायचं असन तं पाळक कायले होतं, शाळेतला शिपाई हो.

तिनं तुले पान्याचं नाही विचारलं, बेटा. तिनं विचारलं की तुमी शिकवता ते खरं आहे का रविवारपुरतं आहे. तूच सांगतलं का सगळं जगणं देवापुढं ठेवा. तिनं ठेवलं. आता तू नजर चोरतं.

तिच्या बापाकडे जा. चहा पी. सरळ बोल, का बाबा, तुह्या पोरीच्या मनाले लागून राह्यलं. गरीब मानूस आयकते. मोठ्याले सांगाले गेलं तं वांधे असते, त्याईच्या कानाचं मशीन माह्यापेक्षा खराब.

मावशी

—

राळेगाव,
२० नोव्हेंबर २००६

प्रिय मावशी,

आनंद कर. शिफारसपत्र माझ्या हातात आहे. बबनरावांनी काल संध्याकाळीच सही केली.

कापणीचा सण थाटात झाला. वेदीपुढे भोपळे, ज्वारीची कणसं, वांगी, हरभऱ्याची भाजी, अंडी आणि एक लाल कोंबडा. मुलं शिस्तीत उभी राहिली आणि दोन गाणी सुरात म्हटली. उपासनेनंतर नेहमीप्रमाणे वस्तूंचा लिलाव झाला आणि पुकारायचं काम माझ्याकडे होतं. माझे घरमालक अन्सारभाई, ज्यांच्या गॅरेजच्या माडीवर मी राहतो, ते दरवर्षी लिलावाला येतात. त्यांनी कोंबडा घेतला, पिशवीत घातला आणि थांबले, कारण त्यांच्या पत्नी जुबैदाभाभींना गादीसाठी कापूसही हवा होता.

बबनराव दरवर्षी पहिल्या वेचणीतलं एक गाठोडं देवाला देतात. शनिवारीच ते वेदीपुढे आणून ठेवलं होतं. मी पुकारायला उचललं तर माझा सदरा छातीपर्यंत ओला झाला. खालच्या सतरंजीवर ओला गोल होता आणि पाळकसाहेब पूर्ण उपासनाभर त्यावर मोजे घालून उभे होते. त्यांना वाटलं होतं वय झाल्याने पाय गार पडतात. अन्सारभाईंनी गाठोड्यात हात घातला आणि भाबडेपणाने म्हणाले, "सर, ये तो अंदर तक गीला है."

बबनराव म्हणाले, दव पडलं असेल. चर्चच्या आत दव कसं पडेल हे कुणी विचारलं नाही. तेव्हा सुरभी उठून म्हणाली, "दव नाही, बाबा. पाणी मी मारलं. सगळ्याच कापसाला मारते, तसं देवाच्यालाही मारलं."

हो, प्रश्न विचारणारी मुलगी तीच. तुला मी नाव लिहिलं नव्हतं, तशी गरजही नव्हती.

मग थोडी बोलाचाली झाली. बबनरावांनी मला काही विचारलं, मी योग्य ते उत्तर दिलं आणि विषय मिटला. अन्सारभाईंनी वाळवून घेईन म्हणत गाठोडं नेलंच. जूनमध्ये सेमिनरी. प्रार्थनेत आठवण ठेव.

तुझा,
शांतवन

—

पुसद,
२५ नोव्हेंबर २००६

शांतवन,

मोज्याच्या गोष्टीवर म्या इतकी हासली का शेजारीण पाहाले आली. देवाच्या वाट्याले बी पानी! मंग देवालेच काहून सोडाव, म्हना. तोच एक गिऱ्हाईक होता जो वजन करत नाही.

मंग म्या पत्र दुसऱ्यांदा वाचलं अन् हासू गेलं.

सगळं लिहिलं तुनं. भोपळे लिहिले, मोजे लिहिले, अन्सारभाईची गादी लिहिली. बबनरावनं तुले काय विचारलं ते नाही लिहिलं. तुनं काय सांगतलं ते बी नाही. योग्य ते उत्तर म्हनतं. नर्स होतो म्या, मले ठाऊक आहे, पेशंट म्हनते ना की जरासं दुखते, तेव्हा आतमधी फुटलेलं असते.

मुख्य पंचाच्या घरी बादली आहे अन् म्या कोन्या गरिबाच्या नावानं उसासे टाकत बसली. तुनं मले बसू देलं.

सोळा वर्साची पोरगी भर मंडळीत बापापुढं उभी राह्यली. तुह्या भरोशावर राह्यली. प्रभूले धरून नेलं अन् त्याच्या मोठ्या शिष्यानं मी त्याले वळखत नाई म्हटलं, तेव्हा कोंबडा आरवला होता. तुह्याकडे आरवला काय?

मावशी

—

राळेगाव,
२ डिसेंबर २००६

मावशी,

नाही आरवला. अन्सारभाईंनी तो आधीच पिशवीत घातला होता.

बबनरावांनी विचारलं, "सर, असं बापाची अब्रू काढायचं तुम्ही शिकवलं काय हिले?" मी म्हटलं, "मी असं काही शिकवलेलं नाही." सुरभीने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली. रागाने नाही पाहिलं. वर्गात पहिल्या दिवशी खिडकीबाहेर बघत होती ना, तसंच पाहिलं.

तेव्हापासून वर्गात कुणी येत नाही. सुरभीला घरून बंदी आहे, पण बाकीच्यांना तर नाही. गेल्या रविवारी मी रिकाम्या बाकांपुढे बसून आलो. काल स्टँडवर देवीलाल भेटला. एरवी तो लांबूनच ओरडतो. काल जवळ येऊन हात जोडून नमस्कार सर म्हणाला आणि निघून गेला. मावशी, त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

शिफारसपत्र खिशात घेऊन फिरतो आहे. खोलीत ठेववत नाही आणि बघवतही नाही. मला पाळक व्हायचं आहे गं, खरंच व्हायचं आहे. हे पत्र गेलं तर बबनराव दुसरं देणार नाहीत, आणि ते असेपर्यंत दुसरं कुणी देऊ शकत नाही.

उद्या रविवार आहे.

शांतवन

—

राळेगाव,
१६ डिसेंबर २००६

कोकिळाआजी,

सलाम. मी सुरभी. तुमचा पत्ता सरांनी नाही दिला, त्यांच्या टेबलावरच्या तुमच्या पत्रावरून मीच उतरवला. सर तुम्हाला पुरतं लिहिणार नाहीत. ते लिहितीन की देवाच्या इच्छेनं सगळं ठीक आहे. म्हणून मी लिहून राह्यली.

तीन तारखेच्या रविवारी चर्चमध्ये सूचना वाचून झाल्यावर सर उठले. आवाज देवीलालच्या शेळीसारखा झाला होता. म्हणाले, "सुरभीले ते मीच शिकवलं. त्या दिवशी मी खोटं बोललो." अन् शिफारसपत्र बाबांच्या बाकावर ठेवलं. बाबांनी ते उचललं अन् बाहेर जाऊन फाडलं. मी पाहिलं. सरांनीपण पाहिलं. त्या दिवशी वर्गाला सगळे आले, मीच नव्हती.

मग मागच्या हप्त्यात बाबांची कापूस विकायची गाडी निघाली. आदल्या दिवशी त्यांनी बादली माझ्यापुढं ठेवली. मी हात मागं घेतले. बाबांनी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, मले भाकरी टाकायच्या आहेत. मग बाबांनी स्वतःच मारलं. त्यांनी आयुष्यात कधी मारलं नव्हतं, आजी. पाणी बोटांनी शिंपडावं लागते, एक थर कापूस, एक शिंपण, मग हाताला समजत नाही. बाबांनी लोट्यानं एकाच जागी ओतलं. व्यापाऱ्याचा हात नेमका तिथंच गेला. सगळ्या गाडीवाल्यांसमोर तो म्हणाला, "पंचसाहेब, कापूस आणला की धुणं आणलं?" अन् गाडी परत पाठवली.

बाबा घरी आले. गाडी अंगणात रिकामी केली. ओला कापूस पसरला नाही तर आतून तापते, पिवळा पडते, मग कोणीच घेत नाही. अन् आभाळ आलेलं. वर्षाचा सगळा कापूस अंगणात अन् ऊन नाही. मी अन् माय उलथवू लागलो, पण दोघींच्यानं काय होते?

देवीलालनं रस्त्यावरून पाहिलं अन् सगळ्यांना बोलावून आणलं. आले, बसले अन् उलथवू लागले. रामीबाईपण आल्या. सर शेवटी आले अन् फाटकाबाहेरच उभे राह्यले. खूप वेळ उभे होते. बाबा वर न पाहता म्हणाले, "उभे कायले आहा? या, हात लावा. काडीकचरा नका मिळवजा." तेव्हा सर आत आले.

पाळकसाहेबपण आले होते. त्यांनी हळूच विचारलं, बबनराव, शांतवनच्या पत्राचं काही मनावर घेता काय, मुदत आहे अजून. बाबा म्हणाले, "नाही देत. हा गेला तं या पोट्ट्याईले कोन पाहीन? माह्यानं तं माही एक नाही पाहिल्या गेली." सरांनी ऐकलं. खाली मान घालून एकच मूठ कापूस पुन्हा पुन्हा पिंजत राह्यले. जयानं त्यांना पाणी दिलं.

मग पाळकसाहेब बाबांना म्हणाले, प्रार्थना करा. आमचे बाबा चर्चमध्ये प्रार्थनेला उठले की चहा गार होते, सगळ्या जगाच्या राजांची नावं येतात. त्या दिवशी कापसात बसल्या बसल्या त्यांनी आभाळाकडे पाहिलं. डोळेपण मिटले नाहीत. म्हणाले, "प्रभू, पानी म्या मारलं. आता ऊन तू दे."

आमेन सगळ्यात आधी मायनं म्हटलं.

तुमची,
सुरभी